सहावी किल्ली

“हे वाक्य ऱ्हाऊ द्या,” मगदूम मामा म्हणाले आणि त्यांनी कागद पालथा करून टेबलावर ठेवला.

बंद पडलेल्या सूतगिरणीच्या दवाखान्याची ती जुनी खोली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून खिडक्यांना मी चार वाकळी बांधल्या होत्या. शिमगा आठवड्यावर आलेला, भर दुपार, आणि पंखा बंद, कारण मायक्रोफोनला तोही ऐकू जायचा. मामांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. पण चाळीस वाक्यं त्यांनी एका दमात म्हटली होती. ‘कोण हाय तिकडं?’ ‘थांब, हलू नगोस.’ ‘दार कुणी उघडं टाकलं?’ अशी, की ऐकताना मलाच हात वर करावेसे वाटले.

“एकच राहिलंय, मामा. एक्केचाळीसावं.”

“दुसरं कायबी सांगा. ‘घूस आसंल’ म्हणतो. ‘वाऱ्यानं वाजलं’ म्हणतो.”

“पण हेच हवंय. ‘काही नाही. मांजर असेल.’ चारच तर शब्द आहेत.”

“मोजलेत म्या.”

“मग?”

मामांनी टोपी काढली, तिनेच तोंड पुसलं. “पहाऱ्यावर मांजराचं नाव घेत न्हाई मी.”

मी हसले. एम.एस्सी. होऊन मला दहा महिने झाले होते, विषय ध्वनिशास्त्र, आणि अंधश्रद्धा आपल्याला लांबून ओळखता येते असा माझा समज होता.

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. तिथे आम्ही पाच जण ‘दबा’ नावाचा व्हिडिओ गेम बनवत होतो. खरं तर ‘दबा’चे दोन भाग आधीच निघाले होते. ते यासीन बागवानने जवळजवळ एकट्याने बनवलेले. खेळ लपूनछपून आत शिरण्याचा. कमरेला सुरा असतो, पण तो काढायची वेळ आली तर आपण चुकलो असं समजायचं. सावलीच्या कडेकडेने, पहारेकऱ्यांच्या पाठीमागून जायचं आणि कुणाला पत्ता न लागता बाहेर यायचं.

मुलाखतीला मी गेले तेव्हा यासीनने एकच प्रश्न विचारला होता. “दोन्ही भाग खेळलीस?”

“हो.”

“कसे वाटले?”

“पहारेकरी बहिरा आहे,” मी म्हटलं. “आणि मूर्ख आहे.”

तो खुर्चीत मागे रेलून हसला. “मग ये आणि शहाणा कर त्याला. सहा महिने देतो.”

माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. पहिल्या भागात पहारेकऱ्याला नुसते डोळे होते. नाकासमोरचा एक त्रिकोण त्याला दिसायचा. त्रिकोणाबाहेर तुम्ही लेझीम खेळलात तरी त्याला गंधवार्ता नाही. दुसऱ्या भागात यासीनने कान दिले, पण ते कसले कान! खेळाडूभोवती त्याने एक वर्तुळ आखलं. त्या वर्तुळात जो येईल त्याला ऐकू जाणार, मग मध्ये दोन फुटांची दगडी भिंत असो नाहीतर कापसाचा डोंगर. विसरभोळेपणा तर दोन्ही भागांत तोच. आवाज आला की पहारेकरी यायचा, इकडेतिकडे मान वळवायचा, पंधरा सेकंदांनी ‘काही नाही. मांजर असेल’ म्हणायचा आणि परत फेरीला लागायचा. वाटेत त्याचा सोबती आडवा पडलेला असला तर त्याला ओलांडून.

लोक त्या वाक्यावर खूश होते. कॉलेजातली मुलं ते छापलेले टी-शर्ट घालायची. परीक्षेला उशिरा येणाऱ्याला मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, ‘काही नाही, मांजर असेल.’ यासीन म्हणायचा, खेळ विसरतील, वाक्य विसरणार नाहीत.

तिसरा भाग एका बंद सूतगिरणीत घडणार होता. म्हणून इचलकरंजीजवळची ही गिरणी आम्ही शोधली. आठ वर्षांपासून बंद होती, वाद कोर्टात होता, आणि निकाल लागेपर्यंत राखण करायला एकच माणूस ठेवला होता. बाबगोंडा मगदूम. सव्वीस वर्षं याच फाटकावर. त्यांनी पहिल्या दिवशी फाटक उघडताना “कोण पायजे?” एवढंच विचारलं आणि मी तिथूनच यासीनला फोन लावला, की आपल्या पहारेकऱ्याचा आवाज सापडला.

आता त्या आवाजाने एक्केचाळीसाव्या वाक्यावर पाय रोवले होते. नऊ दिवसांनी बंगळुरूहून खेळ विकत घेणारी माणसं येणार होती. माझे सहा महिने त्याच आठवड्यात संपत होते.

“दुसऱ्या कुणाकडून म्हणून घेऊ का?” मी संध्याकाळी यासीनला विचारलं.

“चाळीस वाक्यं एकाची आणि सगळ्यात महत्त्वाचं दुसऱ्याचं? असला आवाज नटाकडे नाही, हे तूच सांगितलंस.”

“ते अंधश्रद्धाळू आहेत रे. मांजर म्हणायचंच नाही म्हणतात.”

“मग पटव. शास्त्रज्ञ आहेस ना तू?”

गिरणीत माझं खरं काम फुगे फोडण्याचं होतं. फुगा फुटतो तो आवाज क्षणात होतो आणि क्षणात संपतो. मागे उरतो तो त्या जागेचा स्वतःचा आवाज. एका ठिकाणी फुगा फोडायचा, दुसऱ्या ठिकाणी तो टिपायचा, की कुठला आवाज कुठे, किती वेळाने आणि कसा पोचतो ते मोजता येतं. पहिल्या दिवशी माझ्या पिशवीत तीनशे फुगे बघून मामांनी विचारलं होतं, “कुणाचा वाढदीस?”

“गिरणीचा.”

“मग केक बी आणायचा न्हाई व्हय!” आणि उरलेले फुगे ते रोज नातीसाठी खिशात घालून न्यायचे.

टिपायच्या जागा त्यांनीच ठरवून दिल्या. गिरणी चालू असताना राखणदाराच्या गळ्यात कातडी पट्ट्याचं एक जाड घड्याळ असायचं. आवारात नऊ ठिकाणी भिंतीला साखळीने एकेक किल्ली अडकवलेली. फेरीत त्या त्या ठिकाणी पोचलं की ती किल्ली घड्याळात घालून फिरवायची. आतल्या कागदावर खूण उमटायची, किती वाजता कुठल्या किल्लीपाशी होता याची. सकाळी साहेब घड्याळ उघडून कागद काढायचा. एक खूण चार मिनिटांपेक्षा उशिरा पडली तरी जाब विचारायचा. घड्याळ कधीच गेलं होतं, पण किल्ल्या भिंतींवर तशाच लोंबत होत्या, आणि मामा अजूनही त्याच क्रमाने फिरायचे. एक ते नऊ. प्रत्येक किल्लीला बोटाने स्पर्श करून पुढे.

चालता चालता मी विचारायची आणि वहीत लिहायची. पहारा म्हणजे काय, हे मला दोन्ही गेमपेक्षा त्या फेऱ्यांत जास्त कळलं.

“आवाज आला की आधी काय करता, मामा?”

“थांबायचं. आवाज कुटनं आला ते बघायचं न्हाई. त्यो कुटं बंद झाला ते ऐकायचं.”

“आणि दोघं पहाऱ्यावर असले तर?”

“उलट्या फेऱ्या मारायच्या. मी एकपास्नं, त्यो नऊपास्नं. पाचव्या किल्लीवर गाठ पडती. तिथं तंबाकू.”

“आणि तो पाचव्या किल्लीवर आलाच नाही तर?”

मामा दोन पावलं तसेच चालले. “पाय आपसूक तिकडं वळत्यात.”

“किती वेळाने?”

“दोन मिन्टानं. तीन.”

“तुम्ही कधी गेलात असे?”

“गेलोय,” मामा म्हणाले. “उशिरा.”

मी वहीत लिहिलं, ‘सोबती न दिसल्यास शोध: विलंब दोन ते तीन मिनिटे.’ ‘दबा’च्या तिसऱ्या भागात पहारेकरी एकमेकांची वाट बघतात, ते तिथून आलं.

वाक्य नाकारल्याच्या तिसऱ्या दिवशी मी हौदाकडे गेले. सूत तुटू नये म्हणून गिरणीची हवा दमट ठेवतात. त्यासाठी आवाराच्या पूर्व टोकाला जमिनीखाली पाण्याचा मोठा हौद होता, त्यावर लोखंडी दार असलेली खोली, आत उतरायला शिडी. तळाशी अजून कमरेएवढं हिरवं पाणी होतं. मामा दारापर्यंत आले, आत आले नाहीत. “मी फाटकावर हाय,” म्हणाले आणि गेले.

मी फुगा फोडला. नऊही किल्ल्यांपाशी यंत्रं लावून ठेवली होती. संध्याकाळी नोंदी उघडल्या, आणि सहावीची रेघ बघून चहाचा कप तसाच हातात राहिला.

सहावी किल्ली पश्चिमेला, गाठींच्या खोलीच्या दाराशी होती. कापसाच्या गाठी फोडून ठेवायची ती खोली. हौदापासून ती सरळ रेषेत ऐंशी मीटर, आणि मध्ये अख्खी गिरणी उभी. तिथे काहीच ऐकू जायला नको होतं. पण ऐकू आलं होतं, आणि अंगणातल्या जवळच्या किल्लीपेक्षाही मोठ्याने. वेळ शून्य दशांश एकतीस सेकंद. मी गुणाकार केला. एकशे सहा मीटर. म्हणजे आवाज सरळ आला नव्हता, कुठूनतरी वळून आला होता.

दुसऱ्या दिवशी मला ती वाट सापडली. हौदाच्या भिंतीत जेमतेम माणसाचं डोकं जाईल एवढं भोक होतं. तिथून हवा खेळवायचा एक बोगदा जमिनीखालून गिरणीला वळसा घालून गाठींच्या खोलीत निघत होता. भिंतीतल्या एका जाळीमागे. जाळीला कान लावला तर हौदातलं पाणी ठिबकताना ऐकू येत होतं.

मी जवळजवळ पळतच फाटकापाशी गेले. “मामा, तुमचं मांजर सापडलं!”

ते स्टुलावरून उठले. “कुटं?”

“चला तर.”

त्यांनी कधीतरी इथे असाच आवाज ऐकून धसका घेतला असणार, असा माझा तर्क होता. मला खरंच वाटत होतं, की मी त्यांचं ओझं उतरवतेय. त्यांना मी सहाव्या किल्लीपाशी उभं केलं. “इथे थांबायचं. काही ऐकू आलं तर कुठून आलं ते सांगायचं. पहारेकरी आहात असं समजा.”

“हायच की.”

मग मी हौदाकडे गेले. शिडीवरून उतरले, दोन्ही हातांनी पाणी आपटलं, आणि त्या भोकाकडे तोंड करून हाक मारली. “मामाऽऽ!” थोडं थांबून पुन्हा. “मामाऽऽ!” तिसरी हाक मारायची नव्हती, पण आवाज इतका छान घुमत होता, की मारली.

परत आले तेव्हा मामा गाठींच्या खोलीत होते. जाळीवर पंजा टेकवून उभे, पाठ माझ्याकडे.

“कुठून आला आवाज?”

“हितनं.”

“बघा! इथे कुणी आहे का? कुणी नाही, मांजर नाही, भूत नाही. मी हौदात होते. आवाज बोगद्यातून आला.” मी जाळीवर टिचकी मारली. “लोकांना वाटतं खोलीत काहीतरी आहे. म्हणून असले समज होतात.”

मामा वळले नाहीत. “एवढ्या लांबनं.”

“एकशे सहा मीटर.”

“गिरणीचं पंखं चालू आसलं तर?”

इतका नेमका प्रश्न मला आमच्या विभागातल्या मुलांनीही विचारला नसता. “अजिबात ऐकू येणार नाही. पंख्याचा आवाज सगळं गिळून टाकेल. बंद असले तरच.”

“आन् हौदाचं वरचं दार मिटल्यालं आसलं तर?”

“मग तर जास्तच! दार उघडं असलं तर निम्मा आवाज वर निसटून जातो. मिटलं की सगळा बोगद्यातच शिरणार.”

“पाणी गळ्याइतकं आसलं तर?”

मी विचार केला. “भोक त्याच्या वर आहे. पाणी चढलं की हौदात आवाज पसरायला जागा कमी उरेल, तो भोकातच शिरेल. म्हणजे आणखी चांगलं.”

“शब्द कळत्यात?”

“नाही. तुम्हाला तरी कळले का? बारीक आवाज वाटेत जिरतात. नुसता सूर उरतो, लांबलेला. मांजर रडल्यासारखा.” आणि मी हसले, कारण वर्तुळ पूर्ण झालं होतं.

मामांनी हात जाळीवरून काढला, धोतराला पुसला.

“चला,” म्हणाले. “यंत्र लावा. म्हणतो मी ते.”

दवाखान्याच्या खोलीत त्यांनी कागद मागितला नाही. मी खूण केली.

“काई न्हाई,” मामा म्हणाले. मग थांबले. मी नंतर मोजलं, दोन दशांश सहा सेकंद. त्या शांततेत त्यांचा आत ओढलेला श्वास आहे. “मांजर आसंल.”

पुन्हा म्हणायला मी सांगितलं नाही. गरजच नव्हती. त्या दिवशी उरलेले फुगे टेबलावरच राहिले.

यासीनने ऐकलं आणि दंड पुढे केला. “बघ, काटा आला. गेली दोन वर्षं लोक ह्या वाक्यावर हसतायत. आता हसणार नाहीत.” बंगळुरूच्या माणसांनी तीन तास खेळ पाहिला आणि हात मिळवला. मी कायम झाले.

‘दबा’चा तिसरा भाग गणपतीच्या आधी निघाला. लोकांना काय आवडलं ते मला पाठ आहे, कारण त्यातलं बरंचसं मी केलं होतं. भिंत आता भिंत होती. दार लोटलं की आवाज अडायचा, पत्र्यावर पाय पडला की पोचायचा, ओल्या गोणपाटावर जिरायचा. पहारेकरी काल उघडी दिसलेली खिडकी आज विसरत नव्हता. सोबती वेळेवर आला नाही तर त्याला हाका मारत शोधत होता. एकाने लिहिलं, ‘पहिल्या दोन भागांत आपण पहारेकऱ्यांना हसायचो. तिसऱ्यात आधी त्यांची भीती वाटते, आणि नंतर वाईट.’ सगळ्यांची आवडती जागा सहावी किल्ली होती. हौदात दगड टाकायचा. पहारेकरी गाठींच्या खोलीत शिरतो, कोपरे बघतो, आणि मामांच्या आवाजात ते वाक्य म्हणून सातव्या किल्लीकडे जातो. तेवढ्यात आपण निसटायचं. ‘फसवण्याची इतकी सुंदर जागा आजवर पाहिली नाही,’ असं एका मुलीने लिहिलं होतं.

मी पेढे घेऊन गिरणीवर गेले. फाटकावर वेगळाच माणूस.

“मगदूम मामा? त्यांनी शिमग्याच्या दुसऱ्या दिशी नोकरी सोडली की.”

गाव जवळच होतं, पंचगंगेच्या काठी. मामा अंगणात पोत्यावर बसून शेंगा फोडत होते. दाढी वाढलेली. सुनेने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. पेढ्यांचा खोका त्यांनी घेतला, उघडला नाही.

“चालला का खेळ?”

“खूप चांगला. सगळे तुमच्या आवाजाचं कौतुक करतात.”

“त्यो सहाव्या किल्लीचा पहारेकरी,” मामा म्हणाले. “हौदातनं आवाज आला तर काय करतो?”

“गाठींच्या खोलीत जातो. बघतो. तिथे काही नसतं. मग—”

“मग मांजर म्हणतो.”

“हो.”

“हौदाकडं जात न्हाई.”

“त्याला ठाऊक नसतं ना मामा, की आवाज तिथून—”

“तुमाला ठाऊक हाय.”

मी चहाचा कप खाली ठेवला. मामा शेंगा फोडतच होते. दाणे एकीकडे, टरफलं एकीकडे.

“इराप्पा कोरवी म्हणून हुता माझ्या जोडीला,” ते म्हणाले. “माझ्यापेक्षा ल्हान. एकोणीस वर्सं झाली. लक्ष्मीपूजनाची दुपार. गिरणी चार दिस बंद, पंखं बंद. इरू म्हणला, बादली पडलीया हौदात, काढून येतो, तू हो म्होरं. दार वाऱ्यानं मिटलं आसंल मागनं. मी सहाव्या किल्लीवर. गाठींच्या खोलीतनं आवाज आला. दोनदा. आत गेलो, तर गाठीमागनं मांजर पळालं. खरंच पळालं, ताई. खोटं न्हाई सांगत.”

“मामा...”

“मी म्हणलं जे म्हणायचं ते. आन् सातव्या किल्लीला गेलो. चार मिन्टात पोचायचं आसतंय.” त्यांनी एक शेंग हातात फिरवली. “फेरी पुरी करून मग गेलो बघायला. शिडीची पायरी मोडल्याली, इरू पाण्याखाली. त्या दिसाच्या कागदावर माझ्या नऊच्या नऊ खुणा बरोबर हुत्या. सायबानं पोलिसाला कागद दावला. ह्यो हितं हुता, त्यो तिकडं. एवढ्या लांबनं कुणाला ऐकू येतंय? पोलिसानंबी तेच म्हणलं. इरूच्या बायकोनं म्हणलं, बाबूभाऊ, तुमची काय चूक न्हाई. एकोणीस वर्सं मी तेच धरून बसलोतो. मांजराचं नाव तेवढं घेत नव्हतो.”

शेंग फुटली. आत दाणा नव्हता.

“तुमी मोजून दिलासा,” मामा म्हणाले.

पंखे बंद. दार मिटलेलं. पाणी गळ्याइतकं. मी दिलेलं एकेक उत्तर मला माझ्याच आवाजात ऐकू येत होतं. ‘मग तर जास्तच!’ ‘आणखी चांगलं.’

“मला माहीत नव्हतं, मामा.”

“तुमास्नी कसं आसंल? आवाज जसा हाय तसा हाय.” त्यांनी टरफलं हाताने गोळा केली. “एक करशीला? त्याला हौदाकडं जाऊ द्या.”

“कुणाला?”

“त्या पहारेकऱ्याला. तुमी त्याला सगळं शिकवलंय म्हणतासा. आदल्यापेक्षा शहाणा केलाय म्हणतासा. मग एवढं शिकवा.”

मी मान हलवली.

“ते फोनवालं यंत्र हाय का जवळ?”

मी फोन काढून त्यांच्यासमोर धरला. मग पोत्यावर ठेवला. मागे कोंबड्या होत्या, रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. मी काही थांबवलं नाही. मामा थोडे पुढे वाकले, विहिरीत बघावं तसे.

“इरू, आलो,” ते म्हणाले. “काठी धर.”

यासीन आधी चिडला. “ज्या जागेला लोक डोक्यावर घेतायत, तीच मोडायची? तिथे फसला नाही तर मग पहारेकरी कसला?” मी त्याच्या कानाला हेडफोन लावले. त्याने ऐकलं. काढून टेबलावर ठेवले.

“कोंबड्यांचा आवाज काढून टाकू का?” मी विचारलं.

“राहू दे,” तो म्हणाला. “सगळं राहू दे.”

दिवाळीत खेळात थोडा बदल झाला. लोकांना तो दोष वाटला, अजूनही वाटतो. दर वर्षी पाच-दहा जण कळवतात. हौदात आवाज केला, की सहाव्या किल्लीचा पहारेकरी गाठींच्या खोलीत जातो, कोपरे बघतो, वाक्य म्हणतो. सातव्या किल्लीकडे दोन पावलं टाकतो. मग थांबतो, दोन दशांश सहा सेकंद, आणि वळून पळत सुटतो. बाकी कुठल्याच पहारेकऱ्याला मी पळायला शिकवलेलं नाही. तो हौदाचं दार उघडतो आणि काठी खाली पाण्यात सोडतो.

बदल झाला त्या संध्याकाळी मी मामांच्या मुलाच्या फोनवर फोन केला.

“मामा, तो जातो आता.”

“दर डावाला?”

“दर डावाला.”

“पोचतो का येळंवर?”

मी त्याचा वेग चार वेळा बदलून पाहिला होता. “पोचतो, मामा.”

“आन् सातवी किल्ली?”

“ती चुकते.”

“चुकू दे,” मामा म्हणाले. फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. कुणीतरी तो त्यांच्या हातातून घेतला असावा.

मामांना जाऊन आता तीन वर्षं झाली. खेळ त्यांनी कधी पाहिला नाही. त्यांनी म्हटलं असतं तर दाखवता आला असता, पण त्यांनी मागितला नाही आणि मी विचारलं नाही.

मी मात्र कधीतरी तो सुरू करते. गिरणीत शिरते, पूर्वेच्या टोकाला जाते, शिडीने उतरते, आणि गळ्याइतक्या पाण्यात उभी राहून हाताने पाणी आपटते. एकशे सहा मीटरवरून ते वाक्य ऐकू येतं, अर्धवट, नुसता सूर. मग पळणारी पावलं. दार उघडतं, वर चौकोनी उजेड, त्यात एक माणूस वाकलेला, आणि काठीचं टोक माझ्यापासून वीतभर अंतरावर. मागे कोंबड्या.

“इरू, आलो. काठी धर.”

कुठलं बटण दाबलं की काठी धरली जाते, ते मला माहीत आहे, मीच ठरवलंय. धरली की तो ओढून वर काढतो, काही विचारत नाही, सोडून देतो. ते मी अजून एकदाही दाबलेलं नाही. आणि किती वेळ वाट बघून त्याने परत जायचं, तेही मी कुठे लिहिलेलं नाही. तो तिथेच थांबतो.